वाईट बातमी कळली, तेव्हा तुमच्या हातात काय होते?

पोफळीची_वाट (धागाकर्ती)

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी फोंड्याजवळच्या आमच्या घरी आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून मुगागाठीसाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाच्या आमटीसाठी, नारळ खवत होते. हात ओले असल्यामुळे फोन ओट्यावरच स्पीकरवर लावून ठेवला होता. पलीकडून भाऊ बोलत होता आणि तो फक्त "ताई गेली" एवढेच म्हणाला. ताई म्हणजे आमची थोरली बहीण. लग्न होऊन गिरगावात गेल्याला तिला चाळीस वर्षे झाली होती. तिच्या आजारपणाची कोणाला कल्पना नव्हती, कारण आजारपण नव्हतेच. मी त्यावर "बरे" म्हणाले. होय, "बरे" हाच शब्द माझ्या तोंडून निघाला. भावाने फोन ठेवला आणि मी नारळाची दुसरी वाटी उचलून तीही खवायला घेतली. नुसती घेतली नाही, तर पूर्ण खवली, इतकी की पांढऱ्या खोबऱ्यात करवंटीजवळची तांबूस भुकटी उतरू लागली. एरवी मी ती कधीच उतरू देत नाही. मग उठले, हात धुतले, यजमानांना हाक मारली आणि त्यांना सांगताना मात्र वाक्य पुरे करता आले नाही.

हे सारे माझ्या जाऊबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले होते. पुढे बाराव्याच्या दिवशी त्या कोणाशी तरी बोलताना माझ्या कानावर आले, "बहीण गेल्याचे कळले, तरी हिचे खोबरे काही थांबले नाही." त्यांनी ते वाईट हेतूने म्हटले असेल असे मला वाटत नाही. पण ताईचे वर्षश्राद्ध होऊन गेले तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. ताईच्या आठवणीत मी रडते तेव्हाही मध्येच ती करवंटी दिसते आणि रडणे थांबते.

म्हणून हा धागा. दुःख कसे पचवावे, काळ हेच औषध कसे आहे, अशा विषयांवर येथे पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्याचा मला उपयोगही झाला आहे. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. बातमी कानावर पडली त्या क्षणी तुम्ही काय करत होता आणि पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही काय केले? माणसाच्याच मृत्यूची बातमी असावी असा आग्रह नाही. जे संपल्याचे तुम्हाला कोणीतरी येऊन सांगितले, असे काहीही चालेल.

निवृत्त_मुद्रितशोधक

ताई, तुम्ही "बरे" म्हणालात हे वाचून मला धीर आला, म्हणून लिहितो.

मी गोव्यातील एका मराठी दैनिकात अनेक वर्षे मुद्रिते तपासत असे. जाहिरात विभागात माणूस कमी असला की निधनाच्या जाहिराती लिहून घेण्याचे कामही माझ्याकडे येई. आपल्याकडे वृत्तपत्रात या जाहिरातींना किती मान आहे हे गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगूनही पटत नाही. कित्येक वयस्कर माणसे सकाळी पहिल्या पानाआधी ते पान उघडतात आणि ओळखीचे कोणी नाही अशी खात्री झाली की मग चहा मागवतात. समोर बसलेला माणूस रडत असे आणि मी त्याला विचारत असे, "नातवंडे लिहायची की नातू आणि नाती वेगवेगळे?" तो रडणे थांबवून विचार करत असे. त्या वेळी मला वाटे की मी फार निष्ठुर धंद्यात पडलो आहे. पुढे लक्षात आले की बहुतेकांना त्या प्रश्नाने बरेच वाटते, कारण सकाळपासून त्यांना उत्तर देता येईल असा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

माझे वडील गेले तेव्हा मी कामावरच होतो. धाकट्या भावाचा फोन कार्यालयातील सहकाऱ्याने घेतला आणि मला काही सांगण्याआधी, मला त्रास नको म्हणून, त्याने निधनाचा मजकूर स्वतःच लिहून माझ्यापुढे ठेवला. ती बातमी मला त्या कागदावरून कळली. त्यात "दिर्घ आजाराने" असे लिहिले होते. मी खिशातून लाल पेन काढले, ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली, समासात खूण केली आणि मगच ते कोणाविषयी आहे हे माझ्या डोक्यात शिरले. त्यानंतरही मी उठलो नाही. मजकूर ठरलेल्या उंचीत बसत नव्हता, म्हणून दोन ओळी कमी केल्या. त्यात एका आत्याचे नाव गेले. ती आत्या माझ्याशी पुढे दोन वर्षे बोलली नाही आणि तिचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. परंतु त्या दिवशी जागेचा हिशेब मी इतका काटेकोर केला की दुसऱ्या कोणाच्या वडिलांसाठीही केला नसता.

बेतीचा_धक्का

माणसाचीच बातमी हवी असे नाही म्हटलेत, म्हणून धाडस करतो.

5 जुलै 1986, शनिवार. मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आम्ही नदीच्या अलीकडे, बार्देशच्या बाजूला राहत होतो. धो धो पाऊस पडत होता. शेजारचा मुलगा भिजत आला आणि अंगणातूनच ओरडला, "पूल गेला!" माझी आजी कानाने अधू होती. तिला "गेला" एवढेच ऐकू आले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारले, "किती वयाचा होता?" घरात सगळे हसले. मीही हसलो. माझ्या हातात छत्री होती, कारण मी पणजीला जायलाच निघालो होतो आणि हसता हसता मी ती छत्री उघडून पायरी उतरूही लागलो. कोठे जाणार होतो, कोण जाणे.

पुढे कितीतरी वर्षे पणजीला जायचे म्हणजे बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत उभे राहायचे, असा क्रम झाला. नवा पूल 1992 मध्ये खुला झाला. आजी त्याआधीच वारली. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी मनात कधीच देऊन ठेवले होते, की तो पूल माझ्याहूनही लहान होता.

सासष्टीकर

सर्वांचा मान राखून एक शंका मांडतो. ज्या गोष्टी घरातल्या माणसांनाही सांगितल्या नाहीत, त्या येथे टोपणनावाआड सांगून नेमके काय साधते? आमच्या वाड्यावर शेजारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. चर्चची घंटा एकेक ठोका सोडत संथपणे वाजू लागली की शेजारीण हातातले काम ठेवते, क्रूसाची खूण करते, कोण गेले त्याची चौकशी करते आणि संध्याकाळी त्या घरी जाऊन बसते. त्यात बोलणे जवळजवळ नसतेच. दुःखाला एवढीच जागा पुरेशी असते असे माझे मत आहे.

पोफळीची_वाट

सासष्टीकर, तुमच्या शेजारणीला घंटा ऐकल्यावर काय करायचे ते ठाऊक आहे. मला ते ठाऊक नव्हते, एवढाच फरक आहे. घरातल्या माणसांना सांगितले नाही असेही नाही. त्यांनी ते पाहिले होते, तीच तर अडचण आहे.

वाडें_वसाहत

माझ्याकडे सांगण्यासारखा एक क्षण नाही, कारण आमची बातमी कित्येक वर्षे हळूहळू येत राहिली. आमचे गाव कुर्डी. सांगे तालुक्यातील साळावली धरणात गेलेल्या गावांपैकी एक. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः येऊन गावकऱ्यांशी बोलले होते, हे आमच्या घरी इतक्या वेळा सांगितले गेले आहे की मला ते स्वतः पाहिल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पुढे वाडें आणि वालकिणी येथे वसाहती झाल्या आणि 1986 च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले.

तरीही धाग्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर माझ्या हातात कौले होती. घर सोडायचे ठरल्यावर वडिलांनी छप्पर उतरवायला घेतले, कारण कौले नव्या जागी उपयोगी पडणार होती. ते वर चढून एकेक कौल काढत, काका ते शिडीवरून खाली देत आणि आम्ही पोरे रांगेत उभी राहून हातोहात बैलगाडीपर्यंत पोचवत असू. तो खेळ आम्हाला इतका आवडला की आम्ही मोठमोठ्याने मोजू लागलो आणि कोणाच्या हातून कौल पडले की त्याला बाद करू लागलो. एवढ्या वेळात आई आत भात शिजवत होती आणि तिच्या डोक्यावरचे छप्पर कमी कमी होत चालले होते. शेवटी चुलीवर ऊन पडले. तिने वर पाहिले आणि आम्हाला म्हणाली, "अरे, जरा हळू मोजा." इतकेच.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाव पुन्हा वर येते. मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळाकडे उत्सव असतो, तेव्हा आम्ही जातो. कदंबकालीन महादेवाचे देऊळ तेवढे दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभे केले आहे. बाकीचे सारे तेथेच आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकर ज्या गावाचे नाव लावत ते हेच, आणि त्यांच्या घराची जागाही लोक दाखवतात. भेगाळलेल्या चिखलातून चालताना प्रत्येक जण आपापले जोते शोधतो आणि मुलांना सांगतो, ही पडवी, हे देवघर. गेल्या खेपेस मी आमच्या जोत्यावर उभा होतो. तेथे कौलाचा एक तुकडा सापडला. आमच्यापैकी कोणीतरी बाद झाला होता त्याचा असणार.

बेतीचा_धक्का

वाडें_वसाहत, "हळू मोजा" हे वाक्य मी दोनदा वाचले.

आखातातून_परत

मी सोळा वर्षे आखातात होतो. तेथे असलेल्या प्रत्येक गोंयकाराला, म्हणजे गोव्याच्या माणसाला, ठाऊक असते की घरून कोणी मेल्याचे कधीच कळवत नाही. "प्रकृती जरा जास्त आहे, जमल्यास निघून ये" असे कळवतात. त्यातला "जमल्यास" हा शब्द सर्वांत वाईट, कारण माणूस खरोखर जिवंत असता तर "ताबडतोब नीघ" म्हटले असते. सांगणाऱ्यालाही ते कळते आणि ऐकणाऱ्यालाही, तरी दोघेही ते नाटक शेवटपर्यंत पार पाडतात.

मला मामांनी फोन केला तेव्हा मी शर्टांना इस्त्री करत होतो. आई "जास्त" होती. मी इस्त्री बंद केली, सुट्टी मागितली, तिकीट काढले आणि विमानतळावर पोचल्यावर, विमानाला वेळ होता म्हणून, चॉकलेटांच्या दुकानात शिरलो. भाचरांसाठी दोन डबे घेतले. आईला आवडणारे, आत बदाम असलेले, एक लहान पाकीट वेगळे घेतले. मला सर्व काही ठाऊक होते. गल्ल्यावरच्या माणसाने पावती देताना हसून काही विचारले, तेव्हा मीही हसून "घरी जातो आहे" म्हणालो. दाबोळीला उतरलो तेव्हा घ्यायला आलेल्या मामांनी माझ्या हातातील पिशवी पाहिली आणि मान वळवली.

ते पाकीट मी कोणालाही दिले नाही आणि खाल्लेही नाही. परत जाताना पुन्हा सोबत नेले आणि तेथे खोलीवरच्या कपाटात ते वितळून एका बाजूला गोळा झाले.

घरच्यांनी खरे सांगायला हवे होते का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. मला वाटते, त्यांनी दिलेल्या त्या खोट्याच्या आधारावर मी निदान विमानात बसू शकलो.

अबोली_गजरा

मला हे मान्य नाही आणि मी ते स्पष्टपणे लिहिते. माझ्या बारावीच्या परीक्षेच्या वेळी आजोबा गेले. शेवटचा पेपर होईपर्यंत मला मावशीकडे म्हापशाला ठेवले आणि रोज संध्याकाळी फोनवर "आजोबा झोपले आहेत" असे सांगत राहिले. पेपर संपल्यावर मी आइस्क्रीम खात खात घरी आले. परीक्षेत गुण चांगले मिळाले. त्या आठ दिवसांचा राग मात्र अजून गेलेला नाही, कारण त्या घरात सगळ्यांनी मिळून एक गोष्ट सोसली आणि मला त्यातून वगळले. माझ्या सोयीसाठी वगळले, हे कळते. तरीही.

वाळपईची_सायकल

येथे बहुतेकांनी बातमी ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे. मी ती नेऊन देणारा होतो.

मी तार वाटत असे. सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवर, पावसात, सायकलवर. तार म्हणजे बहुधा मृत्यू, असे लोकांच्या मनात इतके पक्के बसले होते की नोकरी लागल्याची तार घेऊन गेलो तरी आधी रडारड होई आणि मग ती थांबवून पेढ्यांपर्यंत यायला पाव तास लागे. त्यामुळे मी लवकरच एक पथ्य पाळू लागलो. मजकूर चांगला असला तर लांबूनच घंटी वाजवत जायचे आणि वाईट असला तर घंटी वाजवायची नाही, सायकल वळणावरच टेकवून चालत जायचे. हे गावोगावच्या लोकांना पुढे कळले असावे, कारण एकदा माझी घंटी बिघडली होती आणि मला चालत येताना पाहून एका घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना घेरी आली. तारेत नातू झाल्याचे लिहिले होते.

माझ्या आईचे सांगणे असे की वाईट निरोप आणणाऱ्याने त्या घरचे पाणी घेऊ नये, उंबरठा ओलांडू नये आणि "येतो" म्हणू नये. मी ते कटाक्षाने पाळत असे. फक्त एकदा मोडले. वैशाखातली दुपार होती. एका बाईंनी दार उघडले, त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून त्यांनी मलाच तार वाचायला सांगितली. त्यांचा मुलगा मुंबईला होता. मी वाचली. त्या काही क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचा आलास, थांब." आत गेल्या, तांब्या घासल्याचा आवाज आला, नीट घासल्याचा, आणि पाणी व गुळाचा खडा घेऊन बाहेर आल्या. मी ते प्यायलो. माझे पिऊन होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या, तांब्या परत घेतला आणि मग आतून जो आवाज आला तो मी वळणापर्यंत ऐकला.

पोफळीची_वाट, त्या बाईंनी तांब्या घासला आणि तुम्ही वाटी खवलीत. मला तरी यात फारसा फरक दिसत नाही.

तारसेवा 2013 च्या जुलैत देशभर बंद झाली, तेव्हा मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. ती बातमी मला नातवाने मोबाइलवर वाचून दाखवली. मी केळी सोलत होतो. सोलत राहिलो.

खाणीवरचा_ट्रक

16 मार्च 2018. सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर त्या दिवसापासून खाणी थांबल्या. 2012 मध्ये एकदा थांबल्या होत्याच, म्हणून पुन्हा सुरू होतील असे वाटत होते. निकाल योग्य की अयोग्य यावर येथे वाद नको, डोंगरांचे आणि शेतांचे काय झाले होते ते मीही रोज पाहत होतो. माझ्या हातात त्या दिवशी टायरांचे बिल होते आणि टायर नवे होते. घरात कोणी गेले तर लोक भेटायला येतात. माझा ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या चाकांखाली गवत उगवले, तरी भेटायला कोणी आले नाही. कारण सगळ्यांच्याच दारात तेच होते.

मिरामार_संध्याकाळ

माझे पणजीत लहानसे दुकान आहे. 17 मार्च 2019 च्या रविवारी संध्याकाळी मनोहर पर्रीकर गेल्याची बातमी आली, तेव्हा मी घरी हिशेबाची वही घेऊन बसलो होतो. शिगमा तोंडावर होता. मी त्यांचा मतदार होतो की नव्हतो, हे महत्त्वाचे नाही. त्यांच्या आजारपणात तशा अफवा इतक्या वेळा उठल्या होत्या, की खरी बातमी आल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नक्की?" हाच. मी चार जणांना फोन केले आणि चौघांनीही मला उलट तेच विचारले. नाकात नळी असताना कामे पाहणारा माणूस सर्वांनी टीव्हीवर पाहिला होता. म्हणजे बातमी अनपेक्षित मुळीच नव्हती. तरीही खात्री करून घेण्यातच अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात मला दुःख असे झालेच नाही. दुसऱ्या दिवशी मिरामारला गर्दीत उभा होतो. जवळच भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी. 1973 मध्ये त्यांच्या वेळी माझे वडील याच वाळूत उभे होते, हे मला तेथे आठवले आणि डोळे भरून आले ते वडिलांसाठी.

असे होते, की मोठ्या माणसाच्या निमित्ताने आपण आपल्याच माणसासाठी रडून घेतो. लताबाई गेल्या त्या 6 फेब्रुवारीच्या सकाळी माझी आई रडली नाही, पण रेडिओ मात्र बंद करायला लावला. "आज नको. उद्या लाव," म्हणाली. तिचे माहेर मंगेशीजवळचे.

सासष्टीकर

मी वर घेतलेली शंका मागे घेत नाही. परंतु तांब्याविषयी वाचल्यानंतर एक गोष्ट लिहावीशी वाटते. 2021 च्या मे महिन्यात माझा चुलतभाऊ करोनाने गेला. अंत्यविधी आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिला. ज्याच्या हातात फोन होता त्याचा हात थरथरत असावा, कारण चित्र सतत हलत होते आणि मध्येच जाळे तुटून एकाच जागी थिजून राहत होते. माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. मी पूर्ण वेळ चार्जरची वायर एका विशिष्ट कोनात दाबून धरून बसलो होतो, कारण ती सैल होती. विधी संपला तेव्हा अंगठा बधिर झाला होता. मला आठवते ते एवढेच, अंगठा.

निवृत्त_मुद्रितशोधक

सासष्टीकर, ही शंका मागे न घेता लिहिलेत, हे फार चांगले केलेत.

पोफळीची_वाट

सर्वांचे प्रतिसाद मी वाचले, काही यजमानांनाही वाचून दाखवले. चॉकलेटाच्या पाकिटापाशी ते उठून बाहेर गेले.

काल दुपारी जाऊबाई आणि मी ओसरीवर बसून चिंचा सोलत होतो. आमचे बोलणे इकडचे तिकडचे चालले होते. मध्येच मी धीर करून विचारले, "तुमचे बाबा गेले, तेव्हा तुम्ही काय करत होता?" तो प्रश्न मी सरळ मनाने विचारला असे म्हणवत नाही. त्यांनीही कोठेतरी काहीतरी खवले, निवडले, घासले असणार आणि ते त्यांच्या तोंडून निघावे, अशी माझी इच्छा होती.

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. चिंचेतला चिंचोका काढून बाजूच्या ढिगात टाकला. मग म्हणाल्या, "मला कुठे ठाऊक?" त्या वेळी त्यांचे पहिले बाळंतपण होते. बाबा ज्या दिवशी गेले, त्या दिवशी त्या खोलीत बाळाला घेऊन होत्या. अंगावरचे दूध आटेल म्हणून त्यांना कोणी सांगितले नाही. सतराव्या दिवशी सांगितले. त्या सतरा दिवसांत बाबा बाळाला पाहायला का येत नाहीत म्हणून त्या त्यांच्यावर रुसून होत्या आणि येतील तेव्हा बोलायचेच नाही असे त्यांनी ठरवून ठेवले होते. नेमका कोणता दिवस होता हे कळल्यावर त्यांनी पुष्कळ आठवून पाहिले, पण त्या दिवशी सकाळी आपण काय केले ते त्यांना आजतागायत आठवलेले नाही. पेज प्यायली असेन, म्हणाल्या, बाळाला तेल लावले असेल, रोजचेच.

"तुझ्या हातात निदान वाटी तरी होती," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यापुढची चिंचांची परडी माझ्याकडे ओढली. त्यांनी ती परत मध्ये सरकवली आणि आम्ही दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत सगळ्या चिंचा सोलून संपवल्या.